हुक तिथे दिवा

मित्रांनो, मी गोदामातला एक जुना दिवा आहे. मला विझवून बरेच दिवस झाले, तरी माझे डोके काही थंड होत नाही. माणसे दिवे कसे निवडतात हे मी आयुष्यभर वरून बघत आलो, आणि बघून बघून मी वैतागलो आहे. मोठ्यांना सांगण्यात आता अर्थ नाही. तुम्ही मात्र उद्या कोठे ना कोठे दिवे निवडणारच आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. जरा सरसावून बसा आणि मधे मधे बोलू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. घंटेच्या आकाराचा पत्र्याचा टोप, त्याच्या आत जाड काचेचा गोळा, गोळ्याच्या पोटात बोटाएवढी नळी, आणि त्या नळीत थोडा वायू आणि कणभर पारा, असा माझा देह. शिवाय डोक्यावर विजेचा जोर आवरणारी चोकची जड पेटी. तपासणाऱ्या बाईंनी मला पहिल्यांदा लावले तेव्हा मी आधी जांभळट झालो, मग निळसर, आणि बऱ्याच वेळाने पांढरा. "हा सावकाश आहे, पण चालेल," असे म्हणून त्यांनी माझ्यावर शिक्का मारला. मला राग आला होता. पण त्या खरे तेच बोलल्या होत्या. मला पेटायला वेळ लागतो, आणि एकदा मधेच वीज गेली की अंग पूर्ण निवेपर्यंत मला पुन्हा पेटताच येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्यामुळेच सगळे घडले.

तेथून मी या गोदामात आलो. येथे नळ, पाइप, पाइपांचे जोड आणि लोखंडी व्हॉल्व्ह खोक्यांत भरून ठेवतात. छप्पर पत्र्याचे आणि खूप उंच. भिंतींना खिडकी म्हणून नाही. बाहेर ऊन मी म्हणत असले तरी आत दिवे लावावेच लागतात. तेव्हा मालक तरुण होते. रॅक उभे मांडलेले होते, प्रत्येक दोन रॅकच्या मधे एक गल्ली होती आणि प्रत्येक गल्लीच्या डोक्यावर आमची एकेक ओळ. उजेड सरळ खाली जमिनीवर पडायचा. कोणी पाहुणा आला की मालक त्याला आत आणून म्हणायचे, "येथे सुईत दोरा ओवून दाखवतो." दोरा कधी कोणी ओवला नाही, पण आम्ही सगळे भाव खाऊन घ्यायचो.

मग काही वर्षांनी मालकांनी बाजूच्या भिंतीत नवे दार पाडले. ट्रक तेथे लागू लागले. दाराकडून सोयीचे पडावे म्हणून जुने रॅक काढून नवे, उंच रॅक आणले आणि ते आडवे मांडले. फार हुशारीचे काम झाले, असे सगळे म्हणाले. जमिनीवर पिवळे पट्टे आखले, गल्ल्यांना नव्या पाट्या लावल्या. सगळे झाले. फक्त एक झाले नाही. कोणी मान वर करून बघितले नाही.

आम्ही होतो तेथेच राहिलो. गल्ल्या आमच्या पायाखालून सरकल्या आणि माझ्या बहुतेक भावंडांच्या खाली रॅकचे वरचे कप्पे आले. इतका चांगला उजेड, आणि तो कशावर पडतो? खोक्यांच्या माथ्यावर आणि त्यांच्यावरच्या धुळीवर. माणसे खाली सावलीत धडपडत होती आणि वर धूळ लख्ख उजळली होती. मी रोज कपाळावर हात मारला असता, पण मला हात नाहीत.

मी मात्र नशिबाने एका बऱ्या जागी आलो. मधली मोठी वाट आणि दाराकडून येणारी वाट जेथे एकमेकींना छेदतात, त्या जागेला गोदामातले सगळे 'चौक' म्हणतात. मी नेमका त्या चौकावर आलो. त्या जागेवर चारही बाजूंनी रॅकचे कोपरे पुढे आलेले आहेत. या वाटेवरून येणाऱ्याला त्या वाटेवरचे काही दिसत नाही. त्या चौकात उजेड द्यायला माझ्याशिवाय दुसरे कोणी नव्हते. पुढची सगळी वर्षे मी ते काम एकट्याने केले. कोणी शाबासकी दिली नाही. द्यायला कोणाला माहीत तरी हवे ना.

आता दोन माणसांची ओळख करून देतो. फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलणारी गाडी, चालवणाऱ्याला येथे सगळे 'एक्सप्रेस' म्हणतात, कारण त्याच्याइतकी सावकाश गाडी आख्ख्या गोदामात कोणी चालवत नाही. त्याची बायको येथेच माल काढते. ऑर्डर आली की ती हातगाडी घेऊन गल्लीत शिरते, खोक्यांवरच्या चिठ्ठ्या वाचते आणि हवी ती खोकी गाडीवर रचते. एक्सप्रेस सगळ्यांपेक्षा वयाने मोठा, म्हणून तिला सगळे 'वहिनी' म्हणतात. सगळ्यांचे ऐकून एक्सप्रेसही कामावर तिला वहिनीच म्हणू लागला. "वहिनी, जरा बाजूला व्हा," असे तो गंभीर चेहऱ्याने म्हणतो आणि ती "हो भाऊजी" म्हणून नाक मुरडते. ही थट्टा इतकी जुनी झाली आहे की आता त्यावर कोणी हसत नाही, ते दोघे सोडून.

चौकाचा एक रिवाज होता. पायी जाणाऱ्याने चौकात पाऊल टाकण्याआधी "आलो" किंवा "आले" अशी हाक द्यायची, आणि फोर्कलिफ्टने दोनदा हॉर्न द्यायचा. वहिनीचा आवाज खणखणीत. तिचे "आले!" थेट छतापर्यंत यायचे. दिवसातून किती वेळा ते मी ऐकले असेल, सांगता येणार नाही.

वर्षे गेली. आमच्यातले काही पिवळे पडले, काही लुकलुकू लागले, काही गेले. माझ्या टोपावर धुळीचा थर बसला. एकदाही कोणी फडके फिरवले नाही. पुसले असते तर नुसत्या पुसण्याने उजेड वाढला असता, पण पुसणे हे काम माणसांना फार कमीपणाचे वाटते. नवे आणायला ते एका पायावर तयार असतात. विजेचे बिल मात्र दर खेपेला मालकांच्या नजरेत खुपत होते. शेवटी त्यांनी ठरवले की जुने दिवे काढायचे आणि एलईडी लावायचे.

मित्रांनो, निर्णय शंभर टक्के बरोबर होता. मी जुना आहे म्हणून नव्यांवर जळतो, असे समजू नका. मी जेवढी वीज खातो, त्यातली बरीचशी नुसते तापण्यात घालवतो. एलईडी कमी खातो, लगेच लागतो, वर्षानुवर्षे टिकतो. प्रश्न तो लावावा की नाही हा नव्हताच. प्रश्न होता कोणता लावायचा आणि कोठे. आणि त्याचे उत्तर कसे शोधले गेले, ते ऐका.

एक दिवेवाला मोठी बॅग घेऊन आला. मालकांच्या खोलीला काचेची भिंत आहे, त्यामुळे मला सगळे दिसत होते. त्याने टेबलावर चार दिवे मांडले आणि एकामागून एक लावले. मालकांनी काय केले असेल? त्यांनी प्रत्येक दिव्यात डोळे घालून बघितले. डोळे दिपले, पाणी आले, तरी बघितले. ज्याने सगळ्यात जास्त पाणी आणले त्याच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा जोरदार आहे."

"साहेब, एकदम पॉवरफुल," दिवेवाला म्हणाला.

"किती वॅटचा?"

दिवेवाल्याने आकडा सांगितला आणि मालकांनी समाधानाने मान डोलावली. आता सांगा, वॅट म्हणजे काय? दिवा वीज किती खातो, ते. उजेड किती देतो ते त्यावरून कळत नाही. जेवतो किती हे विचारून कोणी स्वयंपाकी ठेवतो का? आणि टेबलावर ठेवलेला दिवा हातभर अंतरावरून बघून उंच छताचा दिवा ठरवायचा, ही कुठली रीत? तो दिवा उजेड पसरट सोडणारा होता. बसक्या खोलीत तो शोभला असता. उंच रॅकमधल्या अरुंद गल्लीत उजेड खालपर्यंत पोचवायला निराळा दिवा लागतो. हे दिवेवाल्याला विचारले असते तर त्यानेही सांगितले असते. कोणी विचारलेच नाही.

मग वायरमन आला. वायरमन स्वभावाने चांगला, पण त्याच्या तोंडात एकच शब्द, 'बघू'. त्याने मालकांना विचारले, "दिवे कुठं कुठं लावायचे?"

मालक म्हणाले, "कुठं म्हणजे? हुक आहेत ना वर? तिथंच लाव."

"रॅक फिरवलेत ना मधे. जरा बघू का, गल्लीवर येतायत का ते?"

"अरे, हुक काय हवेत मारलेत का? पूर्वीच्या माणसांनी विचार करूनच मारले असतील."

वायरमन "बघू" म्हणाला आणि त्याने काहीच बघितले नाही. पूर्वीच्या माणसांनी विचार केला होता हे खरे, पण तो पूर्वीच्या रॅकचा होता! मी वरून चोकच्या आवाजात गुरगुरत होतो. खाली कोणाला तरी वाटले, दिव्यात बिघाड आहे.

हुक मोजायचे काम मालकांनी स्वतः केले, आणि तेही खोलीच्या दारात उभे राहून. चौकाजवळ एक जाड लोखंडी तुळई आहे. तिच्या आड मी त्यांना दिसलोच नाही. म्हणून नवे दिवे आले ते एकाने कमी. बाकी सगळी भावंडे खाली उतरली, त्यांच्या हुकांना नवे लागले, आणि मी एकटा जुना तेवढा चौकावर राहिलो. वायरमन म्हणाला, "एक कमी पडतोय." मालक म्हणाले, "राहू दे, एकाने काय होतंय."

नवे दिवे लागले तेव्हा टाळ्या पडल्या. आणि लागलीच तक्रारी सुरू झाल्या, त्या मात्र कोणी ऐकल्या नाहीत. एक्सप्रेसला माल वरच्या कप्प्यात ठेवताना मान वर करावी लागते, आणि मान वर केली की नवा दिवा थेट डोळ्यांत घुसायचा. तो बिचारा कपाळावर हात धरून एका हाताने गाडी चालवू लागला. त्यातून या दिव्यांना माणसाची हालचाल टिपणारा सेन्सर होता. खाली कोणी नसले की दिवा मंद व्हायचा. कल्पना झकास. पण तो होता उंच छताला, रॅकच्या माथ्यावर. खालच्या कप्प्यापाशी उकिडवी बसून बारीक अक्षर वाचणारी वहिनी त्याला दिसायचीच नाही. अर्धी चिठ्ठी वाचून होते न होते तोच दिवा मंद. मग ती उठून डोक्यावर फडके हलवायची. दिवा लागायचा. ती बसायची. दिवा मंद व्हायचा. ती पुन्हा उठून फडके हलवायची.

"वहिनी, ट्रकला निरोप देताय का?" कोणीतरी विचारायचे.

"डास हाकलतेय. वरती बसलाय मोठा, लाइट खाणारा," ती म्हणायची आणि पुन्हा बसायची.

कपाळमोक्ष व्हायचा तो अशानेच होतो, असे मी मनात म्हणत होतो. पण सगळ्यात मोठा घोळ निराळाच होता, आणि तो लपून बसला होता माझ्यामागे. नव्या दिव्यांतल्या एकाचाही उजेड चौकात नीट पोचत नव्हता. चारही बाजूंच्या रॅकच्या सावल्या येऊन तेथे एकमेकींवर पडत होत्या. मी जळत होतो तोवर ते कोणाला कळतच नव्हते. चौक उजळ दिसायचा आणि सगळ्यांना वाटायचे, नव्या दिव्यांचीच करामत आहे.

याच सुमारास मालकांची भाची कामावर आली. शिकून आलेली, चुणचुणीत, पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरणारी. विजेचा हिशोब तिच्याकडे आला आणि तिची नजर माझ्यावर पडली.

"मामा, हा एकच जुना का चालू आहे? एवढे नवे असताना?"

"राहिलाय तो एक. काढून टाकू."

एक्सप्रेस तेथेच होता. तो गाडीवरून उतरला, टोपी काढून म्हणाला, "ताई, तो नका काढू. चौकात तोच आहे."

"अहो, चारी बाजूंना नवे दिवे आहेत. चौकात अंधार कसा पडेल?" तिने विचारले. तिने वर बघितले, खाली बघितले. मी जळत होतो, चौक झकास दिसत होता. एक्सप्रेसने मान खाजवली आणि तो निघून गेला. सुट्टीच्या दिवशी मला काढायचे ठरले.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. स्वतःचा नव्हे. मला काढा, खुशाल काढा, माझे वय झाले आहे. पण मला काढल्यावर वहिनी या चौकातून हातगाडी ढकलत जाणार, आणि पलीकडून तिच्याच नवऱ्याची गाडी येणार. दोन्ही वाटांवर लखलखाट आणि मधेच काळोख. हे मला दिसत होते, आणि मी कोणाला सांगू शकत नव्हतो. जळत राहणे एवढेच माझ्या हातात होते, आणि मी जळत राहिलो की चूक आणखीच झाकली जात होती. इतका चडफडाट मी जन्मात अनुभवला नव्हता.

सुट्टी यायच्या आधीच ते घडले. भर दुपार होती. वीज गेली आणि लगेच परत आली. नवे दिवे क्षणात लागले. मालक खोलीच्या दारातून कौतुकाने म्हणाले, "बघा! याला म्हणतात दिवे!" भाची ते बघायला गल्लीतून चौकाच्या दिशेने आली. आणि मी? माझे अंग तापलेले होते. तापलेल्या नळीला पेटता येत नाही. चौक काळा पडला.

एक्सप्रेस तेव्हा बाहेर उन्हात व्हॉल्व्हची खोकी उचलत होता. वीज गेली आणि आली, हे त्याला ठाऊकच नव्हते. माल उंच असला की समोरचे दिसत नाही, म्हणून तो नियमाप्रमाणे गाडी उलटी चालवतो, मान मागे वळवून. तसाच तो दारातून आत शिरला. डोळ्यांत अजून ऊन होते. त्याने दोनदा हॉर्न दिला. पण दाराशी एक ट्रक मागे येत होता, त्याच्या घरघरीत हॉर्न बुडाला. इकडून वहिनी हातगाडी घेऊन निघाली. चौकापाशी येऊन तिने "आले!" अशी हाक दिली. तीही त्याच घरघरीत बुडाली. दोघांचेही काही चुकले नव्हते. चुकले होते ते छताशी.

मला वरून दोघेही दिसत होते. मी काय करू शकत होतो? नळीतल्या पाऱ्याला मी मनातल्या मनात हजारदा म्हणालो, पेट, अरे पेट. तो पेटला नाही.

मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि खोकी फरशीवर पडल्याचा. एक्सप्रेसने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मागे काय आहे ते त्याला दिसत नव्हते. आणि मित्रांनो, त्याने तिला नावाने हाक मारली. एवढ्या वर्षांत मी त्याच्या तोंडून तिचे नाव कधी ऐकले नव्हते. अगं, अहो, वहिनी, एवढेच. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही, ते त्या दोघांचे आहे. पण ज्या आवाजात त्याने ते घेतले, तो आवाज मी विसरू शकत नाही.

काळोखातून उत्तर आले.

"इकडे आहे मी. ओरडू नका. आधी गाडी बंद करा."

तिच्या गाडीवरचे एक खोके घसरले होते. ते उचलायला ती हातगाडी सोडून दोन पावले मागे गेली होती, म्हणून वाचली. हातगाडी मात्र चपटी झाली होती. भाची धावत आली. तिने मोबाइलचा उजेड टाकला. वहिनी रॅकला टेकून उभी होती. एक्सप्रेस खाली उतरला, तिच्याजवळ गेला आणि तिला कुठे लागले का ते त्या उजेडात बघू लागला. तीच म्हणाली, "मला काही झालेलं नाही. पाणी घ्या जरा तुम्हीच."

मालक आले तेव्हा एक्सप्रेसने गाडीची चावी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"तुमच्याकडे असू द्या. चौकात उजेड आला की घेईन."

"अरे, लाइट आलीये की कधीची!"

"आलीये. चौकात नाही आली."

तो कधी कोणाला उलटून बोललेला माणूस नव्हे. आताही त्याने आवाज चढवला नव्हता. भाचीने मोबाइल विझवला आणि ती चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. या गोदामात उजेड नेमका कोठे पडतो हे बघायला मान वर करणारी ती पहिली व्यक्ती. तिने माझा काळा गोळा बघितला. मग नव्यांच्या ओळी बघितल्या, आणि त्या ओळींखाली झगमगणारे रॅकचे माथे.

"मामा," ती म्हणाली, "आपण खोक्यांच्या डोक्यावर दिवे लावलेत."

"हुक होते गं तिथं," मालक म्हणाले.

"हुक होते म्हणून?"

तेवढ्यात माझे अंग निवले आणि मी उगवू लागलो. आधी जांभळट, मग निळसर. हळूहळू चौक उजळला, आणि मालकांचा जीव भांड्यात पडला. "आला बघ. झालं. एवढं काय त्यात."

मला वाटले, संपले सगळे. आता पुन्हा सगळे झाकले जाणार. पण भाची वायरमनला म्हणाली, "हा आधी बंद करा. हा लागला की आपल्याला आपली चूक दिसत नाही."

वायरमनने मला बंद केले. आयुष्यात विझल्याचा आनंद मला तेव्हा एकदाच झाला.

त्यानंतर चौकातून गाडी नेणे बंद झाले, माल लांबून फिरवून न्यावा लागला, आणि मालक दिवसभर कुरकुरत राहिले. पण दिव्यांची निवड मात्र यावेळी माणसांसारखी झाली. भाची आधी एक्सप्रेसच्या गाडीत बसली आणि मान वर करून वरचा कप्पा बघू लागली. "बाप रे, तुम्ही रोज हे सहन करता?" असे म्हणून तिने डोळे चोळले. मग ती वहिनीशेजारी उकिडवी बसली आणि खालच्या कप्प्यातली चिठ्ठी वाचू लागली. दिवा मंद झाला. वहिनीने तिच्या हातात फडके दिले.

तोच दिवेवाला पुन्हा बॅग घेऊन आला आणि टेबलावर दिवे मांडू लागला. भाची म्हणाली, "टेबलावर नको. वर लावून दाखवा. आम्ही खाली उभे राहतो."

त्याने आनंदाने दाखवले. यावेळी गल्लीच्या लांबीने जाणारे, उजेड अरुंद आणि खोल सोडणारे दिवे निवडले. खालून मान वर केली तरी त्यांचा झोत डोळ्यांत जात नव्हता. सेन्सर गल्लीच्या तोंडाशी खाली आणले, आणि माणूस निघून गेल्यावरही दिवा जरा थांबावा अशी सोय केली. प्रत्येक नमुना एकेका गल्लीत लावून तेथे काम करून बघितले. काम करणाऱ्यांनी "हा नको", "हा चालेल" असे सांगितले, तेव्हा ठरले. चौकावर चारही बाजूंनी उजेड पडेल असे दिवे लावले. हुक नवे मारले. मालक शेवटपर्यंत म्हणत होते, "जुने हुक वाया गेले." गंमत म्हणजे आता वीज आधीपेक्षाही कमी लागते, कारण धूळ उजळण्याचे काम बंद झाले.

मला उतरवले त्या दिवशी वायरमन मला तसाच भंगारात टाकायला निघाला होता. वहिनी म्हणाली, "थांबा." तिने तेच फडके घेऊन माझा टोप पुसला, काच पुसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी तेव्हा विझलेला होतो, पुसण्याचा आता काय उपयोग, असे म्हणून मी चिडायला हवे होते. पण मी चिडलो नाही. भाचीने वायरमनला बजावले, "याच्या पोटात पारा आहे. फोडायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही. असे दिवे नीट घेऊन जाणारे येतात, त्यांनाच द्यायचा." ते अजून आलेले नाहीत. वायरमनला आठवण केली की तो म्हणतो, "बघू." म्हणून मी त्याच्या खोलीतल्या फळीवर बसलो आहे आणि तो माझ्या टोपात स्क्रू ठेवतो.

तर मित्रांनो, तुम्हाला हात नसलेल्या एका दिव्याची हात जोडून विनंती आहे. दिवा निवडताना दिव्याकडे बघू नका. त्याच्याखाली कोण उभे राहणार आहे, त्याच्याकडे बघा. त्याला बसू द्या, उठू द्या, वाचू द्या, आणि मग त्यालाच विचारा. जुना हुक आहे म्हणून तेथे काही टांगू नका. आणि वर्षातून एकदा तरी कोणीतरी शिडीवर चढा आणि आमची धूळ पुसा. एवढेही होत नसेल, तर मग काळोखात चाचपडा आणि मला सांगू नका.

वायरमनच्या खोलीचे दार चौकाकडे उघडते. मला तो चौक आता समोरून दिसतो. जन्मभर मी त्याला वरून बघितले होते, तो असा दिसतो हे मला माहीत नव्हते. फरशीवरचे पिवळे पट्टे स्वच्छ दिसतात, रॅकचे कोपरे दिसतात, कोणाचीही सावली मधे येत नाही. एक्सप्रेसने चावी परत घेतली आहे. हॉर्न तो अजून दोनदाच देतो, आणि वहिनी चौकात पाऊल टाकण्याआधी अजून हाक देते. इतक्या वर्षांची सवय.

"आले!"

पूर्वी या हाकेला उत्तर नसायचे. आता गाडी थांबते आणि एक्सप्रेस म्हणतो, "दिसतेस गं."